पाऊस पडला तरी सशाच्या माद्या गाभण राहत नाहीत? मादी काढण्याआधी नर तपासा

दरवर्षी जुलै लागला की सोलापूर भागातल्या ससेपालकांची एकच तक्रार सुरू होते. पाऊस झाला, हवा गार झाली, खुराक तोच, पिंजरे तेच, तरी माद्या गाभण राहत नाहीत. नर दाखवला, जोडी लागली, महिनाभर वाट पाहिली, पिंजऱ्यात व्यायची पेटी ठेवली आणि पेटी रिकामीच. दुसऱ्या वेळीही तेच. मग कोणीतरी अनुभवाच्या थाटात सांगतं, "मादी भाकड झाली बघा, काढून टाका." घरच्या मटणासाठी पाच-सहा माद्या पाळणारा माणूस ऑगस्ट संपेपर्यंत चांगल्या तरण्या माद्या एकेक करून कापून मोकळा होतो. दिवाळीला नव्या माद्या आणतो आणि पुढच्या जुलैत पुन्हा तीच रड.

हे बघवत नाही म्हणून सविस्तर लिहितोय. यातल्या बहुतेक माद्यांत काहीही खोट नसते. खोट नरात असते, आणि तीही जुलैतली नसते. ती एप्रिल-मेमध्ये लागलेली असते आणि दिसते पावसाळ्यात. हे एकदा ध्यानात आलं की कुठे खर्च करायचा, कधी जोडी लावायची आणि कोणाला कापायचं हे सगळे हिशेब बदलतात.

उन्हाचा फटका मागाहून का दिसतो

सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः दोनच वाटा आहेत, लांब कान आणि श्वास. हवा १५ ते २५ अंशांची असेल तर तो सुखात असतो. तिशी ओलांडली की ताण सुरू होतो आणि ३५ च्या वर बराच वेळ राहिलं तर उष्माघाताची भीती असते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी ४० ते ४४ अंश ही नेहमीची गोष्ट आहे, आणि पत्र्याखाली आकडा त्याच्याही वर जातो. एवढ्यातून ससा तगला की आपण म्हणतो, चला, उन्हाळा निभावला. तो तगतो, पण त्याचं वीर्य तगत नाही.

नराच्या अंडकोषात शुक्रजंतू तयार व्हायला साधारण सात आठवडे लागतात. तयार झालेले शुक्रजंतू पक्व होऊन बाहेर पडायच्या जागी पोचायला आणखी आठ-दहा दिवस जातात. म्हणजे आज नर मादीवर चढला तर आजचं वीर्य दोन महिन्यांपूर्वी बनायला लागलेलं असतं. १५ जुलैला जोडी लावली असेल तर त्या वीर्याची सुरुवात मेच्या मध्यावर झाली, ऐन भट्टीत. अंडकोषाला शरीरापेक्षा थोडा गारवा लागतो, म्हणून तर निसर्गानं तो पोटाबाहेर ठेवलाय. सलग काही दिवस तिशीच्या वरची उष्णता बसली की शुक्रजंतूंची संख्या घटते, त्यांची हालचाल मंदावते आणि मेलेल्यांचं, वेड्यावाकड्यांचं प्रमाण वाढतं.

फसगत होते ती इथेच. गारवा आला की नराचा उत्साह काही दिवसांत परत येतो. तो चढतो, मादी शेपूट उचलते, नर नेहमीसारखा आवाज करून कुशीवर पडतो. बघणाऱ्याला वाटतं की काम झालं. उत्साह परतला तरी वीर्य परतायला पुढचे सात-आठ आठवडे बाकी असतात.

मादीवरही उष्णतेचा परिणाम होतो, तो नाकारत नाही. ती कमी खाते, पोटातले गर्भ पहिल्या आठवड्यातच जिरतात, पिल्लं कमी आणि हलकी होतात. पण मादी गारव्यात आली की लवकर सावरते. उशिरा सावरतो तो नर, आणि पाच-सहा माद्यांचं सगळं गणित त्या एकट्यावर उभं असतं.

नर की मादी, हे घरच्या घरी कसं ओळखायचं

सगळ्यात बोलकी खूण बहुतेक जण डोळ्यांसमोर असून सोडून देतात, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

सशाच्या मादीचं बीजांड गाईम्हशीसारखं आपोआप, ठरल्या दिवशी सुटत नाही. नर चढल्यावर साधारण दहा-बारा तासांनी ते सुटतं, नर चढला म्हणूनच सुटतं. आता नराचं वीर्य निकामी असलं तरी बीजांडं सुटतातच. फळत मात्र नाहीत. मादीच्या शरीराला वाटतं की गर्भ राहिला, आणि ती सोळा ते अठरा दिवस खोटी गाभण राहते. या काळात नर दाखवला तर ती कोपऱ्यात दबून बसते, गुरगुरते, पंजा मारते. आपण म्हणतो, गाभण आहे म्हणून नर घेत नाही. आणि मग सतराव्या दिवसाच्या आसपास सकाळी खुराक टाकायला जावं तर जाळीत पांढऱ्या केसांचे पुंजके अडकलेले असतात. मादीनं छातीपोटाचे केस उपटलेले असतात आणि तोंडात कडब्याची पात आडवी धरून ती रिकाम्या कोपऱ्याकडे फेऱ्या मारत असते. खरी गाभण मादी हे काम व्यायच्या तोंडावर, म्हणजे तिसाव्या-एकतिसाव्या दिवसाच्या आसपास करते. सतराव्या दिवशी केस निघाले याचा अर्थ मादीनं आपलं काम चोख केलं. तिनं नर घेतला, बीजांडं सोडली, आता घरटंही बांधायला निघाली. कमी पडला तो नर.

एक अपवाद सांगून ठेवतो. दोन-तीन माद्या एकाच पिंजऱ्यात असतील तर त्या एकमेकींवर चढतात आणि त्यानंही खोटी गाभण होते. म्हणून वयात आलेली प्रत्येक मादी वेगळ्या पिंजऱ्यात हवी, नाहीतर ही खूण वाचता येत नाही.

दुसरी तपासणी पोट चाचपण्याची. जोडी लागल्यापासून बाराव्या ते चौदाव्या दिवशी मादीला गोणपाटावर उभी ठेवा, म्हणजे तिचे पाय घसरणार नाहीत. एका हातानं खांद्यावरची सैल कातडी धरा. कानाला धरून ससा कधीच उचलायचा नाही. दुसरा हात पोटाखाली मागच्या पायांच्या पुढे न्या, अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला, आणि अलगद मागेपुढे सरकवा. गाभण असेल तर द्राक्षाच्या मण्यांएवढ्या गोल गाठी बोटांमधून सटकताना लागतात. लेंड्याही हाताला लागतात, पण त्या लहान, कडक आणि पाठीच्या कण्याकडे असतात. दाबायचं अजिबात नाही, दाबलं की मादी गाभडते. हात बसायला थोडा वेळ लागतो. गाभण नाही हे नक्की माहीत असलेली एक मादी आधी चाचपून बघितली की फरक पटकन कळतो.

तिसरी गोष्ट कागदावरची. कोणत्या मादीला कोणता नर, कोणत्या तारखेला, आणि पुढे काय झालं, एवढं पिंजऱ्यावर पाटी अडकवून लिहा. एकाच नराच्या सगळ्या माद्या रिकाम्या राहिल्या तर नर बघा. चार गाभण राहिल्या आणि एकच राहिली नाही, तर त्या एका मादीकडे बघा. एरवी सहा-आठ पिल्लं देणाऱ्या माद्या जून-जुलैत दोन-तीनवर आल्या तरी बोट नराकडेच जातं. काही बीजांडं फळली आणि बाकीची वाया गेली, असा त्याचा अर्थ.

शेवटी नराला उताणा करून अंडकोष बघा. दोन्ही सारख्या आकाराचे, भरीव आणि हाताला टणक लागले पाहिजेत. सुकल्यासारखे, बारीक, मऊ लागले तर त्या नराकडून सध्या आशा धरू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शक असेल आणि डॉक्टर तयार असतील तर वीर्याचा थेंब बघून ते लगेच सांगू शकतात. गाईम्हशींच्या रेतनाचं काम त्यांचं रोजचंच असतं. विचारायला संकोच करू नका.

आत्ता जुलैत काय करायचं

पहिलं म्हणजे एकही मादी काढू नका. अगदी म्हातारी झालेली मादी असेल तर गोष्ट वेगळी. पण मार्चपर्यंत व्यवस्थित व्यायलेली मादी जुलैत भाकड होत नाही.

तुमच्या जागेतली दुपार कधीपासून गार झाली ते आठवून तारीख लिहा. समजा जूनच्या मध्यापासून पिंजऱ्याजवळचा पारा तिशीच्या आसपास राहायला लागला, तर नर ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कामाचा होईल. नागपंचमी झाली की एखाद-दुसऱ्या मादीवर चाचणी घ्या, बाराव्या दिवशी पोट चाचपा, आणि गाठी लागल्या तर गणपतीच्या सुमारास सगळ्या माद्यांना लावा. तोवर नराला रोज नवी मादी दाखवून काही साधत नाही. माद्या फुकट खोट्या गाभण होतात आणि प्रत्येकीचे अडीच आठवडे जातात.

बरेच दिवस बसून असलेल्या नराचं पहिलं वीर्य जुनं, मेलेल्या शुक्रजंतूंनी भरलेलं असतं. म्हणून हंगामाची सुरुवात करताना पहिल्या जोडीनंतर आठ-दहा तासांनी तीच मादी पुन्हा दाखवा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पुढे आठवड्यात दोन-तीनपेक्षा जास्त माद्या एका नराला लावू नका. मादी नेहमी नराच्या पिंजऱ्यात न्यायची. उलट केलं तर नर नव्या जागेत वास घेत फिरत बसतो आणि मादी आपल्या जागेसाठी त्याला फाडते. नर कुशीवर पडेपर्यंत नजर हटवू नका. मादी आत टाकून निघून जाणाऱ्यांच्या अर्ध्या तक्रारी इथेच सुटतात.

खोटी गाभण झालेली मादी अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी पुन्हा नर घ्यायला चांगली तयार असते. तो दिवस साधा, मात्र नर खात्रीचा असेल तरच.

मित्राकडे गार जागेत राहिलेला नर असेल तर महिनाभरासाठी मागून आणा. फक्त आणल्या आणल्या माद्यांत सोडू नका. तीन आठवडे वेगळा ठेवा, कानात पापुद्रे-खरूज नाही ना, नाक वाहत नाही ना, हे रोज बघा. नाकावर लक्ष नसलं तर पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला बघा. सर्दी झालेला ससा पंजानं नाक पुसतो, तिथले केस चिकटून बसलेले दिसतात.

पुढच्या वर्षी ही वेळ येऊ नये म्हणून

खरं काम मार्चच्या मध्यात सुरू होतं. सगळे पिंजरे गार ठेवणं घरगुती पाळणाऱ्याला परवडत नाही, आणि तेवढी गरजही नाही. माझं ठाम मत आहे की कुलर एकच असेल तर तो नराला. गार खोली एकच असेल तर ती नराची. माद्यांना सावली, वारा आणि भरपूर पाणी मिळालं की त्या उन्हाळा काढतात. नर फार तर दोनच असतात, पिंजरा अडीच बाय दोन फुटांचा. दोन पिंजरे जिन्याखाली, न्हाणीशेजारी, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात बसतात. अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शीकडे अजूनही माळवदाची घरं उभी आहेत. जाड मातीच्या भिंतींची ती खोली म्हणजे नराला उन्हाळ्यात मिळू शकणारी सगळ्यात चांगली जागा. अशी खोली असताना नर अंगणातल्या पत्र्याखाली आणि खोलीत अडगळ, हे उलटं करा.

शहरात बरेच जण गच्चीवर पाळतात. ससे पाळायला सोलापुरात याहून वाईट जागा नाही. वरून ऊन, खालून तापलेला स्लॅब. जागाच नसेल तर निदान मार्च ते जून नरांना खाली उतरवा.

पत्रा असेल तर त्यावर चुना मारा आणि वर उसाचं पाचट टाका. आपल्याकडे साखर कारखान्यांचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडावरच संपतो, तेव्हा पाचट शेतात पडूनच असतं, आणि ते जाळण्यापेक्षा हा उपयोग चांगला. जाड थर द्या, वाऱ्यानं उडू नये म्हणून दोरीनं बांधा आणि चूल किंवा वायरची जोडणी जवळ नाही हे दोनदा बघा. नवीन शेड बांधत असाल तर लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. पश्चिमेची बाजू आखूड राहते आणि दुपारनंतरचं तिरपं ऊन आत कमी शिरतं. पश्चिमेला कडुलिंब असेल तर त्याच्या फांद्या मार्चमध्ये छाटू नका.

बाजूंना ओलं गोणपाट लावतात ते बरोबर आहे. जुनी सोलापुरी चादर मिळाली तर आणखी चांगलं, ती जाड सुती असल्यामुळे ओल जास्त वेळ धरते. पण एक बाजू वाऱ्याला उघडी हवी. चारी बाजूंनी ओलं कापड लावून कोंडलं तर आत दमट वाफ साचते आणि लघवीचा उग्र वास डोळ्यांना झोंबतो. नुसत्या पंख्याच्या भरवशावरही राहू नका. सशाच्या अंगाचं तापमान ३८.५ ते ४० अंश असतं. हवाच ४२ ची असेल तर पंखा गरम हवा अंगावर टाकतो. पंख्यासमोर ओलावा असला तरच उपयोग. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे ओलं कापड आणि वाळ्याचा कुलर एप्रिल-मेमध्ये छान चालतात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की मात्र दोन्ही काढा. दमट हवेत त्यांचा गारवा होत नाही, उलट पिल्लांमध्ये हगवण वाढते.

नराच्या पिंजऱ्याच्या उंचीवर एक साधं थर्मामीटर टांगा. दुपारी तीनला सगळेच बघतात, मी सांगेन रात्री नऊलाही बघा. दुपार कडक गेली तरी रात्र गार मिळाली तर ससा बराच सावरतो. गल्लीतल्या कोंदट शेडमध्ये पत्रा आणि भिंती रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात, बाहेर झुळूक सुटली तरी आतला आकडा उतरत नाही. तसं असेल तर दिवसा पाणी मारण्यापेक्षा संध्याकाळी सातला पत्र्यावर आणि जमिनीवर पाणी मारणं जास्त कामाचं. आणि रात्री पिंजरा अंगणात काढता आला तर काढा, फक्त कुत्र्या-मांजरांचा बंदोबस्त करून.

बर्फाची बाटली हा सोपा उपाय आहे. लिटरभराची प्लास्टिकची बाटली पाणी गोठवून दुपारी बाराला नराच्या पिंजऱ्यात आडवी ठेवायची. नर आपणहून तिला अंग लावून पसरतो. दोन नरांना चार बाटल्या पुरतात, दोन पिंजऱ्यात आणि दोन फ्रीजरमध्ये.

पाण्याची गोष्ट सोलापूरकराला वेगळी सांगायला नको, तरी सांगतो. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, साठवावं लागतं, आणि साठवतो आपण गच्चीवरच्या काळ्या टाकीत. दुपारी त्या टाकीचं पाणी हात पोळेल इतकं तापतं. पिंजऱ्यात पाणी प्यायच्या निपलची लाइन काळ्या पाइपची असेल तर त्यातलंही तसंच. ससा ते पीत नाही, आणि पाणी प्यायला नाही की खातही नाही. सशांचं पाणी माठात किंवा रांजणात वेगळं भरून ठेवा आणि उन्हाळ्यापुरतं मातीच्या जड कुंड्यांत द्या. मोठा ससा एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पितो, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त, आणि अंगावर पिल्लं असलेली मादी लिटरभरही संपवते. दुपारी एकदा पाणी बदला, कितीही कंटाळा आला तरी.

खुराक उन्हात टाकू नका. ससा मुळात संध्याकाळी आणि रात्री खाणारा प्राणी आहे. गोळीपेंड सूर्य मावळल्यावर द्या, हिरवा चारा पहाटे. आपल्या भागात उन्हाळ्यात हिरवं मिळत नाही म्हणून महिनोन्‌महिने नुसत्या कडब्यावर आणि भरड्यावर ठेवलेल्या नराला जीवनसत्त्व अ कमी पडतं, आणि त्यानंही वीर्य बिघडतं. न्हाणीच्या पाण्यावर लसूण घासाचा छोटा वाफा किंवा शेवग्याची दोन झाडं एवढ्यावर दोन नरांचं भागतं. घास कापल्यावर काही तास सुकवून मगच द्या, ओला दिला तर पोट फुगतं. सुबाभूळ थोडाच. ज्वारीचे कोवळे पोंगे गुरांना जसे विषारी तसेच सशांनाही, तेव्हा पहिल्या पावसानंतर उगवलेले फुटवे उपटून सशांना घालू नका. आणि बुरशीचा वास येणारी शेंगदाणा पेंड किंवा मका फुकट मिळाला तरी नको. बुरशीच्या विषाला ससा फार लवकर बळी पडतो. नर लठ्ठही होऊ देऊ नका, लठ्ठ नराला ऊन जास्त लागतं.

पिल्लांचं वेळापत्रक

आपल्या हवेत वर्षभर पैदास घ्यायचा हट्ट सोडला तर निम्मे प्रश्न उरत नाहीत. मी गणपतीला सुरुवात आणि संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला शेवट, असं धरतो. संक्रांतीच्या सुमारास शेवटची जोडी लागली की ३१ दिवसांनी, फेब्रुवारीच्या मध्यात मादी विते. मार्चच्या मध्यापासून पिल्लं आईपासून तोडता येतात. बारा आठवड्यांची होऊन दोन किलोच्या आसपास येईपर्यंत मेचा पहिला पंधरवडा उजाडतो. त्यातली शेवटची काही पिल्लं उन्हात सापडतात आणि वजन हळू धरतात, ती थोडी आधी काढली तरी चालतं. दोन किलोच्या सशाचं साधारण किलोभर मटण पडतं. ते बोकडापेक्षा कमी चरबीचं असतं आणि लवकर शिजतं, काळ्या तिखटात घालताना शिट्ट्या कमी करा.

संक्रांतीनंतर मादीची जोडी लावू नका, यामागे मटणापेक्षा मोठं कारण आहे. व्यायला आठवडा राहिलेली मादी उन्हात सगळ्यात आधी मरते. पोटातल्या पिल्लांची उष्णता तिच्या अंगावर असते, केस दाट असतात आणि तिला हलता येत नाही. एप्रिलमध्ये अशी मादी लांब पसरून, मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून धापा टाकताना दिसली, कान लालभडक झाले, तर तिला लगेच सावलीत घ्या आणि माठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं कानांवर ठेवत राहा, वारा घाला. बादलीत बुडवू नका, बर्फाचं पाणी ओतू नका. अचानक गार पाण्याचा धक्का बसून ससा जागेवर जातो.

नवे ससे घ्यायचे असतील तर ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत घ्या, म्हणजे उन्हाळ्याआधी त्यांना चार-पाच महिने अंगवळणी पडायला मिळतात. कुठून येतात हेही विचारा. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं मुख्य ठाणं राजस्थानात अविकानगरला, कोरड्या उष्ण हवेत आहे, आणि दक्षिणेचं केंद्र कोडाईकनालजवळ मन्नवनूरला, थंड डोंगरात. डोंगरातल्या हवेत वाढलेला न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला जातीचा ससा मार्चमध्ये सोलापुरात उतरवला तर पहिला उन्हाळा त्याला झेपत नाही. फार मोठ्या जातींना, व्हाइट जायंट, ग्रे जायंट, आपलं ऊन जास्त लागतं. परत विकत घेण्याचा करार दाखवून पिंजऱ्यासकट युनिट विकणारे लोक ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरतात. त्या महिन्यात घेऊच नका.

रक्त बदलायला रानससा पकडून लावा, असा सल्लाही कधीकधी ऐकू येतो. आपल्या माळरानावरचा ससा ही वेगळीच जात आहे, त्याच्याशी पाळीव सशाची संकर-पैदास होत नाही. शिवाय त्याला पकडणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे.

सप्टेंबर उलटूनही माद्या रिकाम्याच राहिल्या तर

मग ऊन हे कारण नाही. नर बदलून बघा, आणि तरीही तेच झालं तर मादीकडे वळा. पाठीच्या कण्यावरून बोट फिरवा. मणके अजिबात लागत नसतील तर मादी लठ्ठ आहे, पोटात चरबी साठली की ती गाभण राहत नाही. पंधरा-वीस दिवस गोळीपेंड निम्मी करा, चारा पोटभर द्या. मणके टोचत असतील तर उलट. शेपूट उचलून योनीमुख बघा. ते फिकट असेल तर मादी तयार नाही, लालसर आणि ओलसर असेल तेव्हा नर दाखवा. मागच्या तळपायांना फोड असतील तर ती वेदनेमुळे नर घेत नाही, तिला बसायला जाळीवर लाकडी फळी द्या. केस गळून नवे येत असतील तर ते संपेपर्यंत थांबा. कानात खरूज असेल तर डॉक्टरांकडून आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन वजनाप्रमाणे घ्या आणि ते दिलेला ससा कधीपर्यंत कापायचा नाही हे त्यांनाच विचारून पाटीवर लिहा. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारं फिप्रोनिलचं औषध सशाला लावू नका, ते सशाला विषारी आहे.

एवढं सगळं ठीक असून, खात्रीच्या नराशी तीन वेळा नीट जोडी लागून आणि तिन्ही वेळा बाराव्या दिवशी पोटात गाठी न लागता एखादी मादी रिकामी राहिली, तर ती एकटी काढा.